जैववैद्यकीय पीएचडी: कोर्सवर्क प्रयोगाच्या कामी कसं आणायचं

पीएचडीला प्रवेश मिळाला की बहुतेकांना एकच घाई असते, लवकरात लवकर लॅबच्या बेंचवर उभं राहायची. कोर्सवर्क म्हणजे मध्येच आलेली अडचण. क्रेडिट भरा, परीक्षा द्या आणि एकदाचे खऱ्या कामाला लागा, असा हिशेब असतो. हा हिशेब किती महाग पडतो ते मी विद्यार्थ्यांसोबत काम करताना वारंवार पाहिलं आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जे प्रयोग बाजूला टाकावे लागतात, त्यांतले बरेचसे हात चुकला म्हणून वाया गेलेले नसतात. त्यांची रचनाच अशी असते की निकाल काहीही आला तरी त्यातून प्रश्नाचं उत्तर मिळू नये. आणि रचना शिकायची शांत, हक्काची वेळ पहिल्या दीड-दोन वर्षांतच मिळते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: कोर्समध्ये जे शिकाल ते त्याच आठवड्यात स्वतःच्या किंवा लॅबमधल्या एखाद्या चालू प्रयोगाला लावून बघा. पुढचे टप्पे त्याच हेतूने मांडले आहेत.

पहिला आठवडा: आपल्याला काय येत नाही?

जैववैद्यकीय शाखेत माणसं फार वेगवेगळ्या वाटांनी येतात. कोणी वैद्यकीय पदवी घेऊन येतं, कोणी औषधनिर्माणशास्त्रातून, कोणी पशुवैद्यकातून, कोणी भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम लागू पडत नाही, आणि विषयांची निवड करताना गाईडसुद्धा तुमच्या उणिवा ओळखू शकत नाहीत. त्या तुम्हालाच सांगाव्या लागतात.

त्यासाठी ज्या लॅबमध्ये जायची इच्छा आहे तिथला अलीकडचा एक पेपर छापून घ्या. पहिल्या पानापासून शेवटच्या आकृतीपर्यंत वाचा आणि जी गोष्ट दुसऱ्याला तोंडी समजावून सांगता येणार नाही तिच्याखाली रेघ मारा. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून सोडू नका. ‘फ्लो सायटोमेट्री’ (पेशी एकेक करून मोजण्याचं तंत्र) ऐकलेलं असतं, पण गेटिंग, म्हणजे कोणत्या पेशी मोजणीत धरायच्या याची निवड, कशाच्या आधारावर केलं हे सांगता येत नसेल, तर रेघ मारायचीच. मग त्या रेघा चार ढिगांत वाटा: जीवशास्त्राची संकल्पना, तंत्र, गणित-सांख्यिकी, आणि आजाराची किंवा शरीरक्रियेची माहिती. जो ढीग सर्वांत मोठा असेल तिथे पहिला कोर्स घ्या. विद्यार्थी नेमकं उलटं करतात. ज्यात आधीच हुशारी आहे तोच विषय घेतात, कारण गुण चांगले पडतात.

मूळ विषय: प्रत्येकातून काय उचलायचं

जीवरसायनशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र, पेशीजीवशास्त्र, जनुकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र ही नावं बहुतेक ठिकाणी या ना त्या रूपात भेटतातच. पाठ्यपुस्तकातली यादी इथे पुन्हा देण्यात अर्थ नाही. त्या विषयातून प्रयोगात रोज लागणारी गोष्ट कोणती, ते सांगते.

जीवरसायनशास्त्रातून बंधनाचं गणित पक्कं करा. रेणूची मुक्त मात्रा त्याच्या विघटन-स्थिरांकाइतकी असते तेव्हा लक्ष्यावरच्या निम्म्या जागा भरलेल्या असतात. विकराचा (एन्झाइमचा) वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तेव्हाची सब्स्ट्रेटची, म्हणजे विकर ज्या पदार्थावर काम करतं त्याची, मात्रा म्हणजे त्याचा मिखाएलिस स्थिरांक. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी हे गणित १९१३ मध्ये मांडलं, आणि आजही औषधाचा डोस ठरवताना ते लागतं. ज्या औषधाचा परिणाम नॅनोमोलर मात्रेत दिसायला हवा ते कोणी दहा मायक्रोमोलर वापरत असेल, तर निकाल ‘छान’ आला तरी तो त्याच लक्ष्यामुळे आला असं म्हणता येत नाही. त्या मात्रेत ते औषध आणखी कितीतरी प्रथिनांना जाऊन चिकटत असेल.

जनुकशास्त्रातून ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसं’ यांतला फरक शिका. जनुक काढून टाकल्यावर परिणाम गेला, तर ते जनुक त्या परिणामासाठी आवश्यक आहे एवढंच कळतं. ते परत घातल्यावर परिणामही परत आला, ज्याला आपण रेस्क्यू म्हणतो, तर दुसऱ्याच कुठल्या जागी कात्री लागल्याची शंका बरीच कमी होते. क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र हाती आल्यापासून जनुक कापणं सोपं झालं आहे. पण कापलं ते तेच होतं आणि तेवढंच होतं, हे दाखवण्याची जबाबदारी कमी झालेली नाही.

शरीरक्रियाशास्त्र रेण्वीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुनाट वाटतं. तसं समजू नका. प्लेटमधली पेशी उपाशी नसते, झोपत नाही, तिला यकृत नसतं. औषध तोंडावाटे दिल्यावर किती शोषलं जातं आणि किती वेळ रक्तात टिकतं हे माहीत नसेल, तर पेशींवरचा उत्तम निकाल प्राण्यात का उतरला नाही याचा उलगडा होत नाही.

रोगप्रतिकारशास्त्र तुमचा विषय नसला तरी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) तुम्ही वापरणारच. तिच्या नावावर विसंबू नका. ज्या पेशीत ते प्रथिन नाहीच अशा पेशीच्या नमुन्यातही ती ब्लॉटवर (आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं उतरवलेल्या पटलावर) पट्टी दाखवते का, हे एकदा स्वतः तपासा.

पेपर वाचायची सवय

जर्नल क्लब, म्हणजे एकत्र बसून पेपरवर बोलायची बैठक, हा बहुतेक कार्यक्रमांचा भाग असतो, पण तिथे पेपर ‘सादर’ होतो, तपासला जात नाही. एक पद्धत सांगते. आकृतीचं शीर्षक आणि खालचा मजकूर कागदाने झाका. फक्त अक्ष, पट्ट्या आणि ठिपके बघून आपला निष्कर्ष एका वाक्यात लिहा. मग कागद काढा आणि लेखकाचा निष्कर्ष वाचा. दोन्हींत अंतर पडलं तर थांबा, कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्या अंतरातच आहे. लेखकाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, किंवा त्याने पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकलं असेल. पद्धतीचा विभाग आणि पूरक माहिती आकृतीसोबतच उघडी ठेवा. प्राणी किती, नर की मादी, प्रयोग किती वेळा केला हे बहुधा तिथेच लपलेलं असतं.

सरावासाठी जुने पेपर उत्तम. एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांचा १९४४ चा पेपर घ्या. जिवाणूचं रूप बदलणारा पदार्थ डीएनए आहे हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी तो पदार्थ शुद्ध केला आणि मग त्यावर एकेक विकर घालून पाहिलं. प्रथिन तोडणाऱ्या विकरांनी त्याची शक्ती गेली नाही, आरएनए तोडणाऱ्या विकरानेही गेली नाही, पण डीएनए तोडण्याची क्षमता असलेली विकरं घातल्यावर ती नाहीशी झाली. नियंत्रण, म्हणजे कंट्रोल, हा किती विचार करून निवडायचा असतो हे यातून दिसतं. मग स्वतःच्या प्रयोगाकडे पाहून विचारा: माझ्या निष्कर्षाला दुसरं कोणतं स्पष्टीकरण देता येईल, आणि ते खोडून काढणारा कंट्रोल मी ठेवला आहे का?

प्रयोगरचना आणि सांख्यिकी: हे पहिल्याच सत्रात

माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं या टप्प्याबद्दल आहे. सांख्यिकीचा कोर्स ‘डेटा आला की घेऊ’ म्हणून पुढे ढकलू नका. रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेतल्या भाषणात हेच बजावलं होतं: प्रयोग संपल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं; फार तर प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगू शकेल.

सुरुवात ‘एन’पासून, म्हणजे स्वतंत्र एककांच्या संख्येपासून, करा. समजा तीन उंदरांना औषध दिलं आणि तीन उंदरांना नुसतं द्रावण. प्रत्येकाच्या ऊतीतल्या ५० पेशी मोजल्या. आता एका गटाचा एन १५० की ३? उत्तर ३ आहे. औषध पेशीला नाही, उंदराला दिलं होतं, आणि एकाच उंदराच्या ५० पेशी एकमेकींसारख्याच असणार. १५० धरून गणित केलं तर नसलेला फरकही ठसठशीत दिसतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव रूढ केलं. ती ओळखायची खूण सोपी आहे: ‘याला औषध द्यायचं की नाही’ हे ज्या घटकासाठी स्वतंत्रपणे ठरवता आलं असतं तो तुमचा एक एकक. गाभण मादीला औषध दिलं आणि पिल्लांवर मापं घेतली, तर एकक मादी आहे, पिल्लू नाही. एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच दिवशी तीन खाचांत टाकल्या, तर ते तीन प्रयोग नाहीत. एका प्रयोगाची तीन मोजमापं आहेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात पुन्हा वाढवलेल्या) पेशींवर, नव्याने केलेल्या द्रावणाने केलेला प्रयोग दुसरा म्हणायचा.

मग नमुना किती हवा ते काढा. यासाठी सॉफ्टवेअर आहेच, पण एक ठोकताळा तोंडपाठ ठेवा. दोन गटांच्या सरासरींची तुलना असेल, ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) आणि ८० टक्के क्षमता (असलेला फरक पकडण्याची शक्यता) हवी असेल, तर अपेक्षित फरकाला प्रमाण विचलनाने भागा, त्या संख्येचा वर्ग करा, आणि १६ ला त्या वर्गाने भागा. जे येईल ते प्रत्येक गटातल्या एककांची संख्या. फरक एका प्रमाण विचलनाइतका असेल तर प्रत्येक गटात सुमारे १६ प्राणी. फरक अर्ध्या प्रमाण विचलनाचा असेल तर ६४. फरक निम्मा झाला की संख्या चौपट होते. ‘आमच्या लॅबमध्ये नेहमी पाचच घेतात’ या वाक्याचा अर्थ मग नीट कळतो: पाचांत फक्त फार मोठे परिणाम पकडता येतात. लहान परिणाम शोधायला निघालात आणि काही सापडलं नाही, तर ‘परिणाम नाही’ असं लिहायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

गटवाटणी यादृच्छिक करा, म्हणजे खरोखर संगणकाने काढलेल्या यादृच्छिक क्रमांकांनी. पिंजऱ्यातून हाताला लागेल तो प्राणी उचलणं यादृच्छिक नव्हे. जो मंद आहे तो आधी हाती लागतो. नमुन्यांचे क्रमही मिसळा. सगळे कंट्रोल सोमवारी आणि सगळे औषधवाले मंगळवारी हाताळले, तर दिसलेला फरक औषधाचा की वाराचा हे कोणतंही गणित वेगळं काढू शकत नाही. आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. नमुन्यांवरची नावं सहकाऱ्याकडून बदलून घ्यायला अर्धा तास लागतो.

पी-व्हॅल्यूबद्दल एवढं लक्षात ठेवा: गृहीतक खरं असण्याची शक्यता ती सांगत नाही. खरोखर काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने किती वेळा दिसला असता, एवढंच ती सांगते. म्हणून एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की योगायोग साचत जातात. काहीच परिणाम नसताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. ती सगळी तपासली तर निव्वळ योगायोगाने हजारभर ‘सार्थ’ दिसतील. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली फॉल्स डिस्कव्हरी रेटची (‘सार्थ’ ठरलेल्यांतल्या खोट्यांच्या प्रमाणाची) पद्धत यासाठीच आहे; कोर्समध्ये ती शिकवली नाही तर स्वतः शिका. दर चार प्राण्यांनंतर पी-व्हॅल्यू बघायची आणि ०.०५ च्या खाली गेली की थांबायचं, हा त्याच चुकीचा दुसरा अवतार. किती प्राण्यांवर थांबायचं हे आधी ठरवायचं असतं.

सांख्यिकी हा निकालावर शेवटी मारायचा शिक्का नाही, हे मला सर्वांत चांगलं समजलं ते लुरिया आणि डेलब्रुक यांच्या १९४३ च्या प्रयोगातून. जिवाणूंमध्ये विषाणूला दाद न देण्याची क्षमता विषाणू भेटल्यावर निर्माण होते, की आधीच योगायोगाने निर्माण झालेली असते? त्यांनी अनेक छोट्या नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि प्रत्येक नळीतले टिकून राहिलेले मोजले. क्षमता विषाणूमुळे आली असती, तर नळ्यानळ्यांतला चढउतार (व्हेरिअन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) सरासरीच्या आसपासचा राहिला असता. प्रत्यक्षात काही नळ्यांत जवळपास कोणीच नाही आणि काहींत भरमसाट, असा निकाल आला; व्हेरिअन्स सरासरीच्या कितीतरी पट. म्हणजे बदल विषाणू येण्याआधीच, कधी लवकर तर कधी उशिरा, घडलेला होता. इथे चढउतार हाच पुरावा होता. म्हणून पेपरात नुसत्या सरासरीचे खांब दाखवू नका, प्रत्येक ठिपका दाखवा. आणि चूकदर्शक रेषा प्रमाण विचलनाची आहे की प्रमाण त्रुटीची, हे लिहा. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन भागिले एनचं वर्गमूळ, त्यामुळे ती नेहमी लहान दिसते, आणि ती लहान दिसते एवढ्याच कारणासाठी ती निवडणं बरोबर नाही.

कोर्स संपायच्या आत एक काम करा. तुमच्या पहिल्या प्रयोगाचं एक पान लिहा: प्रश्न, एकक, एन आणि तो कसा काढला, वाटणी कशी करणार, कोणता डेटा कोणत्या कारणाने वगळणार, मुख्य माप कोणतं, चाचणी कोणती. ते पान सांख्यिकी शिकवणाऱ्यांना आणि गाईडना दाखवा. प्रयोगाला हात लावण्याआधी.

लॅब रोटेशन

जिथे रोटेशनची, म्हणजे लॅब निवडण्याआधी वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे दिवस काम करण्याची, सोय आहे तिथे काही आठवड्यांच्या दोन-तीन फेऱ्या असतात. त्यात निकाल मिळवायच्या मागे लागू नका. इतक्या थोड्या दिवसांत क्वचितच काही पुरं होतं. पाहायचं ते हे: फसलेल्या प्रयोगाबद्दल लॅब मीटिंगमध्ये कशी चर्चा होते? गाईड कच्चा डेटा बघतात की फक्त शेवटची आकृती? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? हा शेवटचा प्रश्न बाहेर पडलेल्यांनाच, एकेकट्याला गाठून विचारा. आवडता विषय आणि चांगलं मार्गदर्शन यांत निवड करायची वेळ आली, तर मी मार्गदर्शन निवडायला सांगेन. विषय पुढे बदलता येतो. रोटेशनची सोय नसेल, तर प्रवेश निश्चित करण्याआधी निदान दोन लॅब मीटिंगना बसायची परवानगी मागा.

हाताचं काम

पहिल्या महिन्यात स्वतःचं पिपेट तपासा. तराजूवर पाणी सोडून दहा वेळा वजन घ्या. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन सुमारे १०० मिलिग्रॅम यायला हवं. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले असतील तर हात सुधारायला हवा. आकडे एकमेकांना धरून पण सरासरी चुकीची असेल तर बहुधा पिपेट दुरुस्तीला द्यायला हवं.

विरलनाचं गणित कागदावर करा आणि त्यासोबत द्रावकाचा विचार करा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं १० मिलिमोलर औषध १० मायक्रोमोलरवर आणायचं म्हणजे हजार पट पातळ करायचं: १ मिलिलिटर माध्यमात १ मायक्रोलिटर. त्यासोबत ०.१ टक्के डीएमएसओही पेशींना मिळालं, म्हणून कंट्रोलच्या पेशींनाही तेवढंच मिळायला हवं. आणि औषधाचे वेगवेगळे डोस देताना प्रत्येक खाचेत डीएमएसओचं प्रमाण सारखं राहील अशी स्टॉकची मालिका आधी बनवा. ही चूक छापील पेपरांतही सापडते.

सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये (मिनिटाला फेऱ्या) लिहू नका. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट). १६ सेंटिमीटरच्या रोटरवर तोच आकडा सुमारे १६०० जी होतो. वहीत जी लिहिलं तर दुसऱ्या यंत्रावरही प्रयोग जुळतो.

पेशी वाढवणाऱ्यांनी दोन गोष्टींची खात्री सतत करायची असते. एक, पेशी त्याच आहेत का? एमडीए-एमबी-४३५ या पेशी अनेक वर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. जनुकीय चाचण्यांत त्या एम१४ या मेलानोमाच्या पेशींशी जुळल्या. त्यामुळे नव्या पेशी लॅबमध्ये आल्या की आणि पुढेही ठरावीक काळाने एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी, करून घ्या. दोन, मायकोप्लाझ्मा आहे का? या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, म्हणून माध्यमातलं पेनिसिलिन त्याचं काही करत नाही. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, पण पेशींची जनुकं कशी चालतात ते तो बदलून टाकतो. दर महिन्याला पीसीआरने तपासा आणि निकाल वहीत चिकटवा.

सुरक्षा आणि नीतिमत्ता

सुरक्षेचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एका दुपारी आटोपतं. त्यात एक गोष्ट तरी नक्की विचारून घ्या: समोरचं यंत्र बायोसेफ्टी कॅबिनेट आहे की लॅमिनार फ्लोचा साधा बेंच? दिसायला सारखी असली तरी अनेक लॅमिनार बेंचमध्ये हवा गाळून तुमच्या तोंडाकडे येते. ती नमुन्याला वाचवते, तुम्हाला नाही. रुग्णाचं रक्त किंवा संसर्गजन्य नमुना अशा बेंचवर कधीही उघडू नका. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश असतं एवढं सगळ्यांना आठवतं. पण वायू होताना तो सुमारे ७०० पट पसरतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो, हे लक्षात ठेवणं जास्त गरजेचं आहे.

माणसांवरच्या संशोधनाचे नियम माणसांनी सोसलेल्या यातनांतून आले आहेत. न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची, हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत फक्त निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हा परिणामकारक उपचार उपलब्ध झाल्यावरही त्यांना तो दिला नाही. या घटनेच्या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणारा बेलमाँट अहवाल आला. संमतीपत्राकडे कागद म्हणून पाहू नका. तुमच्या फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीमागे माणूस आहे, आणि त्याने कोणत्या कामासाठी होकार दिला होता हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. नमुना मागे घेण्याची त्याने मागणी केली तर काय करायचं, हेही आधीच विचारून ठेवा.

प्राण्यांबाबत रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, वेदना कमी करा. यातलं दुसरं तत्त्व अनेकदा चुकीचं समजलं जातं. इतके कमी प्राणी घेतले की उत्तरच मिळालं नाही, तर ते सगळे प्राणी फुकट गेले. सांख्यिकी आणि नीतिमत्ता इथे एकत्र येतात. प्रयोग आखतानाच अराइव्ह या प्राणीप्रयोगांच्या मांडणीसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे दहा अत्यावश्यक मुद्दे समोर ठेवा. पेपर लिहिताना ते आठवून उपयोग नसतो.

वही, डेटा आणि थोडं प्रोग्रामिंग

वहीत तारीख, हेतू, अभिकर्मकाचा लॉट क्रमांक, ठरलेल्या पद्धतीपासून केलेला प्रत्येक बदल आणि फसलेला निकाल लिहा. त्याच दिवशी. कच्च्या फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा आणि त्यांच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. जेलच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांची मूळ फाइल कधीही पुसू नका. मोजमाप जेपेगवर करू नका, उजळपणा बदलायचा तर संपूर्ण चित्रात सारखाच बदला, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या असतील तर मधली रेघ दिसू द्या.

आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा पहिल्या वर्षात शिका. ज्या भाषेत लॅबमधला कोणीतरी मदत करू शकेल ती निवडा. एक्सेलमध्ये हाताने केलेल्या बदलांचा माग राहत नाही, आणि ते न विचारता बदलही करतं: ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ नावाच्या जनुकांच्या तारखा होऊन इतक्या पेपरांत गेल्या की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. तुमच्या पहिल्या प्रयोगाची आकृती कच्च्या फाइलपासून एका स्क्रिप्टने पूर्ण तयार होते का, हीच या कोर्सची खरी परीक्षा समजा.

लेखन आणि लेखकांची यादी

लेखनाचा कोर्स असेल तर घ्या. नसेल तर पद्धतीचा विभाग प्रयोग चालू असतानाच लिहायला लागा. लेखकांच्या यादीवरून होणारी भांडणं फार कडवट असतात, म्हणून वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष पाठ करा: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा महत्त्वाच्या सुधारणांत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही हवेत. नुसतं यंत्र वापरायला दिलं किंवा निधी मिळवला, तर आभारात नाव येतं. ही बोलणी प्रयोग सुरू होताना करा, पेपर पाठवायच्या रात्री नव्हे.

पात्रता परीक्षा आणि समिती

पात्रता परीक्षेचा प्रस्ताव लिहिताना उद्दिष्टं एकमेकांवर उभी करू नका. पहिल्या उद्दिष्टात प्रथिन सापडलं तरच दुसरं सुरू होणार असेल, तर पहिलं फसताच प्रबंध कोसळतो. प्रत्येक उद्दिष्टाखाली तीन ओळी लिहा: अपेक्षित निकाल, उलटा निकाल आला तर त्याचा अर्थ काय, आणि तंत्रच चाललं नाही तर दुसरा मार्ग कोणता. परीक्षक जास्त वेळ याच ओळींवर घालवतात. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण मी ते असं शोधेन’ म्हणा आणि शोधायची पद्धत खरोखर सांगा.

सल्लागार समितीत सांख्यिकी चांगली कळणारा एक तरी सदस्य मागून घ्या. वर्षातून निदान एकदा समितीला भेटा, काम अडलं असेल तर त्याआधीही. विद्यार्थी नेमके अडल्यावरच बैठक पुढे ढकलतात. बैठकीच्या आठवडाभर आधी दोन पानं पाठवा: मागच्या वेळी काय ठरलं होतं, काय झालं, काय झालं नाही, आणि तुम्हाला कोणत्या दोन प्रश्नांवर सल्ला हवा आहे. बैठक संपली की त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे लिहून सगळ्या सदस्यांना आणि गाईडना पाठवा, चुकलं असेल तर आठवडाभरात कळवा असं त्यात लिहा, आणि त्याची एक प्रत प्रयोगवहीत लावून ठेवा. पुढच्या बैठकीचं पहिलं पान तेच असेल.